कलम एक, जॉब दोन! संत्रा रोपवाटिकेच्या ईआरपीत सबअसेंब्ली कशी मांडावी?

सातपुड्याच्या पायथ्याशी, वरूड तालुक्यात वसलेल्या शेंदूरजनाघाटची ओळख संत्र्याइतकीच संत्र्याच्या कलमांमुळे आहे. इथल्या पन्हेरीतून निघालेल्या कलमा मध्य प्रदेश, राजस्थानपर्यंत जातात. रोपवाटिकेत बिलासाठी कॉम्प्युटर आला की पुढची पायरी ईआरपीची असते. ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि विक्री यांचा हिशेब एकाच ठिकाणी ठेवणारे सॉफ्टवेअर. ते बसवताना एक प्रश्न हमखास अडतो: अर्धवट तयार माल, म्हणजेच सबअसेंब्ली, कुठे आणि कशी दाखवायची? प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याचे उत्तर चुकले तर भुर्दंड शेतकऱ्याला पडतो.

सबअसेंब्ली म्हणजे काय?

ट्रॅक्टर जोडण्याआधी गिअरबॉक्स तयार लागतो. गिअरबॉक्सला स्वतःचे सुटे भाग, स्वतःचा वेळ आणि स्वतःचे रिजेक्शन असते. तो ट्रॅक्टरचा भाग असला तरी आधी स्वतंत्रपणे घडतो. हीच सबअसेंब्ली. कोणत्या वस्तूला काय काय लागते, त्या यादीला 'बिल ऑफ मटेरियल' किंवा बीओएम म्हणतात. ती वस्तू तयार करण्याचा आदेश म्हणजे जॉब किंवा वर्क ऑर्डर.

संत्र्याची कलम नेमकी अशीच तयार होते. आधी जंबेरी किंवा रंगपूर लाइमचे बी वाफ्यात टाकतात. रोपे मोठी झाली की त्यांची निवड करून दुसऱ्या वाफ्यात किंवा पिशवीत लावतात. खोड पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर निवडक संत्रा झाडाचा, म्हणजे मातृवृक्षाचा डोळा भरतात. बी टाकण्यापासून विक्रीपर्यंत साधारण दीड ते दोन वर्षे जातात. यातला तयार खुंट ही सबअसेंब्ली आणि विक्रीची कलम हा पक्का माल.

एकच जॉब केला तर काय बिघडते?

'संत्रा कलम' असा एकच जॉब उघडून त्यात बी, खत, पिशव्या, मजुरी आणि डोळे टाकणे सोपे वाटते. घट म्हणून २० टक्के धरले की काम झाले, असा समज होतो. आता १०,००० कलमांची ऑर्डर घेऊ. उदाहरणापुरते असे धरू की वाफ्यातल्या रोपांपैकी २० टक्के मरतात किंवा निवडीत बाद होतात आणि डोळा भरल्यावर आणखी २० टक्के लागत नाहीत.

एकाच जॉबच्या हिशेबाने १२,५०० रोपे धरली जातील. त्यातून खुंट मिळतील १०,००० आणि कलमा हाती येतील ८,०००. प्रत्यक्षात १०,००० कलमांसाठी १२,५०० खुंट आणि त्यासाठी १५,६२५ रोपे हवी होती. घट दोनदा होते, म्हणून ती दोनदाच मोजावी लागते.

हा २,००० चा खड्डा लक्षात येतो तो विक्रीच्या तोंडावर. तेव्हा नवे खुंट तयार करायला वेळ नसतो. ॲडव्हान्स घेतलेला असतो. मग मिळेल तिथून कलमा आणून ऑर्डर पूर्ण करण्याचा मोह होतो. त्या कलमांचा खुंट कोणता, डोळा कोणत्या झाडाचा, हे कुणालाच ठाऊक नसते. सहा बाय सहा मीटर अंतराने हेक्टरी २७७ झाडे बसतात. म्हणजे २,००० कलमा सात हेक्टरांवरच्या बागा झाल्या. आणि संत्र्याला बहर येऊन चूक उघडी पडायला पाचेक वर्षे लागतात.

सॉफ्टवेअरमध्ये कुठे काय करायचे?

मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने तयार केलेले ईआरपीनेक्स्ट हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर उदाहरणादाखल घेऊ. संस्थापक रुशभ मेहता यांच्या कुटुंबाच्या फर्निचर उद्योगाच्या गरजेतून ते जन्मले. लाकूडकामात सबअसेंब्ली पावलोपावली असते, त्यामुळे त्यात ही सोय आहे.

पहिले काम म्हणजे 'जंबेरी खुंट' या वस्तूला स्वतंत्र कोड आणि स्वतंत्र बीओएम देणे. दुसरे, 'संत्रा कलम'च्या बीओएममध्ये बी न टाकता खुंट आणि डोळा टाकणे. तिसरे काम वर्क ऑर्डर उघडताना करायचे. तिथे 'मल्टी-लेव्हल बीओएम' नावाचा चौकोन असतो. त्यावर खूण असेल तर सॉफ्टवेअर खुंट ओलांडून थेट बी आणि खतापर्यंत जाते, खुंट साठ्यातून उचलला जात नाही. खूण काढली की खुंट साठ्यातूनच घ्यावा लागतो आणि नसेल तर त्याचा वेगळा जॉब करावा लागतो. रोपवाटिकेसाठी खूण काढणेच योग्य.

प्रॉडक्शन प्लॅनमध्ये सबअसेंब्लीची यादी मागवता येते. तिथे प्रत्येक वस्तूपुढे तीन पर्याय असतात: स्वतः तयार करणे, बाहेरून करून घेणे किंवा विकत आणणे. खुंट विकत आणायचा असेल तर तो तसाच उघडपणे दिसतो. लपवाछपवीला जागा उरत नाही.

बॅच नंबर का हवा?

महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे. परवाना लागतो आणि खुंट व डोळा कुठून आला याची नोंद ठेवणे अपेक्षित असते. एकाच जॉबमध्ये ही नोंद हरवते. खुंटाच्या प्रत्येक वाफ्याला बॅच आणि डोळकाडीला मातृवृक्षाचा क्रमांक दिला, तर कलमेवरून थेट झाडापर्यंत माग काढता येतो. एखाद्या बॅचमध्ये रोग दिसला तर तेवढ्याच कलमा बाजूला काढता येतात. डिंक्या टाळण्यासाठी डोळा जमिनीपासून २२ ते २५ सेंटीमीटर उंचीवर हवा. ही तपासणीही कलमेच्या जॉबला जोडता येते.

प्रत्येक टप्पा वेगळा करायचा का?

नाही. जी वस्तू मोजून ठेवता येते, जिच्यात घट होते, जी विकता किंवा विकत घेता येते, तीच सबअसेंब्ली. जंबेरीची रोपे स्वतंत्रपणेही विकली जातात, म्हणून त्यांना कोड हवाच. डोळा काढला की लवकर भरावा लागतो, तो साठवून ठेवायची वस्तू नाही. त्याला बॅच पुरे, जॉब नको. त्याच दिवशी कालवून संपणाऱ्या बुरशीनाशकाच्या द्रावणासाठी वेगळा जॉब केला, तर मुनीम नोंदीच करत बसेल आणि आठवड्याभरात सॉफ्टवेअर बंद पडेल.

मुद्दा शेवटी विश्वासाचा आहे. शेतकरी कलम विकत घेतो तेव्हा त्याला फळ दिसत नाही, दिसते ते फक्त रोप. बाकी सगळे तो रोपवाटिकेच्या शब्दावर घेतो. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या नावाची राखण पन्हेरीतच करावी लागते. बिलावर कलमेच्या संख्येबरोबर खुंटाची बॅच आणि मातृवृक्षाचा क्रमांक छापणे रोपवाटिकांना आज अवघड नाही. बुकिंग करताना शेतकऱ्यांनीही भावासोबत हे दोन क्रमांक मागावेत. मागणी झाली, तर सॉफ्टवेअरमधला तो दुसरा जॉब आपोआप उघडला जाईल.