गळ्यातले रान वाचवा

पशुपक्ष्यांचे आवाज माणसाच्या गळ्यातून जिवंत करणारी फासेपारध्यांची विद्या विझत चालली आहे. सरकारने आणि समाजाने आत्ताच हालचाल केली नाही, तर पुढे हळहळण्यापलीकडे काही करता येणार नाही.

देवगिरीच्या यादवांच्या राजवटीत, राजा सिंघणाच्या आश्रयाने, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. भारतीय संगीतशास्त्राचा तो आजही आधारग्रंथ मानला जातो. त्यात सात सुरांचे नाते थेट प्राण्यांच्या आवाजांशी जोडलेले आहे. मोराचा षड्ज, चातकाचा ऋषभ, बोकडाचा गांधार, क्रौंचाचा मध्यम, कोकिळाचा पंचम, बेडकाचा धैवत आणि हत्तीचा निषाद. गाण्याच्या शिकवणीत हे आजही आदराने सांगितले जाते. पण ज्या मातीत हा ग्रंथ लिहिला गेला, त्याच मातीत एक समाज असे आवाज पिढ्यानपिढ्या खरोखर गळ्यात वागवत आला आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. तो समाज फासेपारध्यांचा. त्याला आपल्या संगीत महोत्सवांत जागा मिळाली नाही. पोलीस ठाण्यातल्या संशयितांच्या यादीत मात्र त्याचे नाव पिढ्यानपिढ्या राहिले.

ही विद्या नेमकी काय आहे, ते आधी समजून घेतले पाहिजे. पहाटे माळावर राखी तित्तराचा नर आपली हद्द जाहीर करतो. सुरुवातीला दोन-तीन सुटे, तुटक स्वर येतात. मग तीन अक्षरी बोल सुरू होतो, तो चढत जातो, त्याची लय वाढते आणि ऐन भरात तो थांबतो. पलीकडच्या झुडपातून दुसरा नर उत्तर देतो. पारधी माणूस बांधाच्या आडोशाला बसून, तोंडाभोवती हाताची ओंजळ धरून नेमका हा आवाज काढतो. आवाज सहीसही जुळला म्हणजे काम झाले, असे नाही. किती वेळ थांबायचे, उत्तर आल्यावर लगेच बोलायचे की दम धरायचा, आवाज दुरून आल्यासारखा ठेवायचा की जवळून, हे सगळे त्याला ठरवावे लागते. घाई झाली की पाखरू बिचकते. उशीर झाला की त्याचे लक्ष उडते. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला आहे, अशी खात्री पटली तरच रानातला तित्तर चिडून पुढे येतो आणि घोड्याच्या केसांच्या फासात अडकतो. ह्या कलेचा परीक्षक खुद्द पाखरूच असते आणि त्याला फसवणे सोपे नाही. सूर, लय, विराम आणि समोरच्याला दिलेली दाद, हे संगीताचे सगळे घटक इथे आहेत. फक्त तंबोरा नाही.

तित्तराबरोबर लावा आला, मोर आला, टिटवी आली, कोल्हा आला. आपल्याकडे अशा विद्येला आणखीही शेजारी होते. दारोदार फिरणारा बहुरूपी सोंगाबरोबर त्या सोंगाचा आवाजही आणायचा. पहाटेच्या अंधारात कंदील आणि कुडमुडे घेऊन येणारा पिंगळा, पिंगळ्या घुबडाची भाषा आपल्याला कळते असे सांगत भविष्य बोलायचा. पावशाच्या हाकेत ‘पेरते व्हा’ ऐकणारा शेतकरी हाही याच ऐकणाऱ्या समाजाचा भाग होता. माणसाचा कान रानाकडे लागलेला असे, म्हणून माणसाच्या गळ्यात रान उतरत असे. आज कान दुसरीकडे वळला आहे आणि त्यामुळे गळाही मुका होत चालला आहे.

पारध्यांच्या बाबतीत मात्र हे मुकेपण नुसत्या काळाच्या ओघात आलेले नाही. ते लादलेले आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याची कक्षा वाढवत नेली. जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरवणारा हा कायदा. हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचे नाही, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये राहायचे. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला आणि तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण कायदा गेला तरी संशय राहिला. सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी तो नव्या नावाने जिवंत ठेवला. सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांतील जातिभेदाविरुद्ध निकाल देताना, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावावे लागले. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षे झाल्यानंतर ही वेळ यावी, यातच परिस्थिती काय आहे ते कळते. जी विद्या चारचौघांत दाखवली की ‘हा पारधी’ अशी बोटे उठतात, ती आई-बाप मुलांना कशाला शिकवतील? ते मुलाला गप्प राहायला शिकवतात. त्या गप्प राहण्यात विद्येची साखळी तुटते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी घातली. ती योग्यच होती आणि तिच्यात तसूभरही ढिलाई नको. पण शिकार बंद करताना शिकाऱ्याच्या हातात दुसरे काय दिले, हा प्रश्न कुणी विचारला नाही. फास काढून घेतला, त्याबरोबर शेकडो वर्षांचे ऐकण्याचे शिक्षणही निकामी ठरवले. तित्तर कधी बोलतो, कुठल्या गवतात बसतो, जोडीदाराला कसा हाकारतो, धोका दिसला की आवाज कसा बदलतो, हे ज्ञान शिकारीसाठी जमवलेले होते हे खरे. पण ते ज्ञान होते. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीत हे ओळखले. रानात राहणाऱ्या माणसांकडे ते विद्यार्थी म्हणून गेले आणि त्यांच्याकडून मिळालेले मराठी वाचकांसमोर ठेवले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. त्यांच्या पुस्तकांची पारायणे करणाऱ्या महाराष्ट्राने त्यांच्या गुरूंकडे मात्र ढुंकूनही पाहिले नाही.

दुसरे संकट आणखी मोठे आहे. ज्यांचा आवाज काढायचा, ते प्राणीच उरलेले नाहीत. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. त्या पक्ष्याचा नर विणीच्या काळात गळ्याची पिशवी फुगवून खोल, घुमणारा हुंकार देतो आणि तो माळावर दूरपर्यंत जातो. आज सगळ्या देशात मिळून हे पक्षी जेमतेम दीडशेच्या आसपास उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात. नान्नजचा माळ त्या हुंकाराला जवळजवळ पारखा झाला आहे. पावसाळ्यात अकोला-वाशिमच्या गवतात येणारा तणमोर दिवसातून शेकडो वेळा गवतावर उंच उडी घेतो आणि प्रत्येक उडीला बेडकासारखा खरखरता आवाज देतो. तोही आता अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत मोडतो. याचे मुख्य कारण आपल्या महसुली दप्तरात आहे. झाडे नाहीत म्हणून गवताळ माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो आणि पडीक म्हटले की तो नांगरायला, कारखान्याला, सौर पॅनेलला, नाहीतर चुकीच्या जागी झाडे लावायला मोकळा होतो. माळ गेला की पाखरू जाते. पाखरू गेले की त्याचा आवाज काढणाऱ्याला नवे काही ऐकायला मिळत नाही, आणि त्याच्या नातवाला तर मूळ आवाज कधीच ऐकता येत नाही. मग उरते ती ऐकीव नक्कल, आणि तीही एका पिढीत विरते.

‘आता मोबाइलवर सगळ्या पक्ष्यांचे आवाज मिळतात, मग माणसाने काढायची गरज काय?’ असे काहीजण म्हणतील. पक्ष्यांच्या ध्वनिमुद्रणांचे जागतिक संग्रह आज खुले आहेत आणि नुसता आवाज ऐकून पक्षी ओळखणारी ॲपही आली आहेत. त्यांचे मोल कुणी नाकारत नाही. पण यंत्र पक्ष्याचा आवाज साठवते. तो आवाज माणसाने कसा ऐकला, त्यातले काय महत्त्वाचे मानले, कुठे थांबायचे ठरवले, हे त्यात नसते. कोकिळेचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे म्हणून पंचम गायचे कुणी थांबवलेले नाही. मग तित्तराला वेगळा न्याय का?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही विद्या जपणे म्हणजे शिकारीला खतपाणी घालणे, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. रानात जाऊन पाखरांना साद घालणे, विशेषतः विणीच्या काळात, त्यांना त्रासदायकच ठरते, मग ती साद गळ्यातली असो वा स्पीकरवरची. म्हणून ही कला रानात नव्हे, रंगमंचावर, शाळेत आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जपली पाहिजे. कुस्ती आखाड्यात आणि दांडपट्टा मर्दानी खेळांत जपणाऱ्या महाराष्ट्राला हा फरक शिकवावा लागू नये.

असे करता येते, हे जगाने दाखवले आहे. कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट स्त्रिया ‘कताज्जाक’ नावाचे कंठगायन करतात. दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींचे दंड धरतात. एक घशातून खोल ताल धरते आणि दुसरी त्यातल्या मोकळ्या जागा भरते. त्यातून रानबदकांचा कलकलाट येतो, कुत्र्याच्या पिल्लांची कुईकुई येते, वारा येतो, वाहते पाणी येते. जिचा श्वास आधी संपेल किंवा जिला आधी हसू फुटेल, ती हरली. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी या गायनाला पाप ठरवून बंदी घातली आणि ते जवळजवळ संपले. पण म्हाताऱ्या स्त्रियांकडून तरुणींनी ते पुन्हा शिकून घेतले. २०१४ मध्ये क्वेबेक प्रांताने आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत पहिले नाव कताज्जाकचे घातले. त्याच वर्षी तान्या तागाक या इनुइट गायिकेच्या अल्बमला कॅनडाचा मानाचा पोलारिस पुरस्कार मिळाला. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या हयात होत्या, म्हणूनच हे शक्य झाले.

आपल्याकडेही वाट दिसू लागली आहे. मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पात २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता आणि शिकारीचा ठपका पारध्यांवरही ठेवला गेला. आज त्याच भागात पारधी तरुण पर्यटकांना पायी फिरवतात, ठसे दाखवतात, पक्ष्यांचे आवाज ओळखून आणि काढून दाखवतात. अकोला-वाशिम भागात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन तणमोर आणि त्याचा माळ वाचवण्याचे काम करते. अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही शाळा उभी केली. ही कामे थोड्या लोकांनी, तुटपुंज्या बळावर केलेली आहेत. सरकार मात्र अजून हललेले नाही.

त्यामुळे आमची मागणी स्पष्ट आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालय आणि वनविभाग यांनी मिळून या विद्येचे ध्वनिमुद्रण तातडीने हाती घ्यावे. ते करताना कलावंताची संमती, त्याचे नाव, त्याच्या वाघरी बोलीतले त्याचे स्पष्टीकरण आणि त्याचा हक्क हे सगळे नोंदले जावे. आवाज घ्यायचा आणि माणूस विसरायचा, हा जुना खेळ पुन्हा नको. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आणि १८८३ पासून निसर्गाचा अभ्यास करणारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांना या कामात सामील करून घ्यावे. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत या कलेचा नाव घेऊन समावेश करावा, म्हणजे बेड्यावरच्या, पारध्यांच्या वस्तीवरच्या, म्हाताऱ्याला ‘तुम्ही कलावंत कसले?’ हा प्रश्न ऐकावा लागणार नाही. नान्नज आणि कारंजा-सोहोळ अभयारण्यांत वाटाडे नेमताना पारधी तरुणांना पहिला मान द्यावा. माळरानाच्या नोंदीतून ‘पडीक’ हा शिक्का काढावा. आणि सर्वोच्च न्यायालयाने जे बजावले, ते प्रत्येक पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचवावे. पहाटे माळावर बसलेला पारधी दिसताच गाडी थांबते, तोपर्यंत बाकीच्या योजना कागदावरच राहतील.

यातले एकही काम अवघड नाही आणि एकालाही फार पैसा लागत नाही. लागते ती घाई. ही विद्या कुठल्या ग्रंथात लिहिलेली नाही, तिची स्वरलिपी नाही. जाणत्या माणसाबरोबर ती जाते आणि गेलेली परत येत नाही. लोककलेच्या महोत्सवांचे आयोजक, शाळांचे मुख्याध्यापक, संगीत सभांचे चालक, सगळ्यांना आमचे सांगणे आहे की येत्या हंगामात एक जागा या कलावंतांसाठी राखा, त्यांना मानधन द्या आणि त्यांचे नाव पत्रिकेत छापा. वाचकांनाही विनंती आहे. आपल्या गावच्या वेशीवर पारध्यांचा बेडा असेल, तर तिथल्या जाणत्या माणसाकडे या वर्षी जा, आदराने बसा आणि त्याला ऐका. पुढच्या वर्षावर ढकलू नका.