पोटरीतील कळ आणि वार्धक्य

संपादक महाशय यांस,



चालताना पोटरीत येणारा गोळा हा वार्धक्याचा सहज धर्म असून तेलमालीश व गरम पाण्याची पिशवी एवढ्यावर तो निभावतो, असा जो निकाल गतांकातील पत्रलेखकांनी देऊन टाकला आहे, त्यावर हरकत नोंदविणे मला भाग आहे.

आमचे थोरले बंधू, चाळीस वर्षे विडी ओढणारे व वर मधुमेही, देवळाच्या वाटेवर ठरावीक पिंपळाशी आले की थांबत, दोन मिनिटांत कळ ओसरे, आणि पुढे तेवढ्याच अंतरावर ती पुन्हा हजर होई. हा बिनचूक शिरस्ता वाताचा नव्हे, अरुंद झालेल्या रोहिणीचा. नडगीवरील केस झडून कातडी तुकतुकीत झालेली, पाय उंच धरला की पांढराफटक व खाली सोडला की तांबूस होणारा, रात्री तो खाटेखाली लोंबता ठेवल्यावाचून झोप नाही, इतका पुरावा समोर असता आम्हीही (कबूल करतो) पिशवीच दिली, आणि बधिर तळव्यास फोड आला तो त्यांना कळलाही नाही.

घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या ०.९ पटीहून कमी भरल्यास संशय बळावतो. मधुमेह्यांत मात्र रोहिण्या टणक झाल्याने हा आकडा फसवाही निघतो.

आणि लिओ बर्गर यांनी १९०८ साली वर्णिलेल्या विकाराने चाळिशीच्या आतील तंबाखूबाजांची बोटे काळी पडतात, त्यांना वार्धक्याचे कोणते कलम लावावे?

आपला,
एक वाचक