जुना सेल्फ भंगारात टाकू नका



पऱ्हे २५ दिवसांचे झाले की रोवणी थांबवून चालत नाही. अशा वेळी चिखलणीचा जुना ट्रॅक्टर बांधीतच अडला, तर नुकसान धानाचे होते. म्हणून मृगाआधीच सेल्फ तपासून घ्या.

सेल्फ फिरत नसेल तर प्रथम बॅटरीची टोके घासा व अर्थिंगची तार आवळा. पुष्कळदा दोष तेथेच असतो.

तरीही फिरला नाही, तर दुसरा बसवण्याआधी मूळ सेल्फ ओळखा. बॅटरीची तार सोडून तो उतरवा व अंगावरची पट्टी पुसा. लुकास-टीव्हीएससारख्या कंपनीचे नाव, नंबर आणि व्होल्ट त्यावर असतात. नंबर ट्रॅक्टरच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. पट्टी गेली असेल, तर गरारीचे दात मोजा व फिरण्याची दिशा बघा. दात जुळले नाहीत तर फ्लायव्हीलची रिंग खराब होते. ती बदलायला बहुधा ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो. बचत शंभराची आणि खर्च हजारांचा!

मूळ सेल्फ बहुधा दुरुस्त होतो. झिजलेले कार्बन ब्रश व बुश बदलून घ्या. तेल शोषणारे नवे बुश बसवण्यापूर्वी २४ तास इंजिन ऑइलमध्ये भिजवावेत. कम्युटेटर बारीक काचपेपरने साफ करावा, एमरीने नव्हे. आर्मेचर जळले असेल तर मात्र तपासणी करूनच खर्च करा.

बदललेला जुना सेल्फ मिस्त्रीकडे सोडू नका, घरी आणा. नंबर वहीत लिहून ठेवा.