डिस्चार्जनंतरचे रुग्णालय

२७ ऑक्टोबर हा जागतिक ऑक्युपेशनल थेरपी दिन आणि २९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन. दुसऱ्या दिवसाबद्दल आता थोडेफार बोलले जाते. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, तर १०८ ला फोन करा. गुठळीमुळे झटका आला असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे लोकांना ठाऊक होऊ लागले आहे. पहिला दिवस मात्र कोणाच्या ध्यानातही येत नाही. यंदा मला त्याच दिवसाबद्दल लिहायचे आहे, कारण माझी थोरली बहीण आज स्वतःच्या हाताने जेवते.

तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुंबईतल्या पालिकेच्या रुग्णालयात डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला. पण जीव वाचला म्हणजे माणूस घरी आला असे होत नाही, हे आम्हाला तिथेच कळले. घोट नीट गिळता येतो की नाही हे तपासल्याशिवाय सिस्टरांनी तिला चमचाभर पाणीही देऊ दिले नाही. पाणी श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो. दर दोन तासांनी कूस बदलायला मावशी यायच्या, म्हणून तिच्या पाठीला जखम झाली नाही. आम्ही तिला गळालेल्या हाताला धरून उठवू पाहत होतो, तेव्हा फिजिओथेरपिस्ट मुलीने आम्हाला थांबवले. ‘असं ओढलंत तर आजींचा खांदा उतरेल,’ असे सांगून तिने काखेमागे आधार कसा द्यायचा ते आमच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतले.

ऑक्युपेशनल थेरपीच्या खोलीत तर पहिला प्रश्नच वेगळा होता: ‘आजी घरी काय काय करायच्या?’ आजार नव्हे, दिनक्रम विचारला गेला. कणीक मळणे, देवापुढे वात लावणे, साडीच्या निऱ्या, नातवाच्या शर्टाची बटणे. त्या यादीतूनच तिचे उपचार ठरले. आधी मऊ गोळा दाबणे, मग खुंट्या उचलून भोकांत बसवणे, मग बटण. डिस्चार्जनंतर कितीतरी महिने आम्ही तिला तिथे नेत होतो. लिफ्टपाशी रांग असे, बाकावर जागा नसे, आणि तरीही त्या थेरपिस्टने एकदाही तिच्या हातातले बटण घाईने स्वतः लावून टाकले नाही. या संयमाचे मोल कोणत्याही बिलात मांडता येणार नाही. केसपेपरला आम्ही नाममात्र पैसे भरले. खासगीत रोजचे असे उपचार इतके महिने आमच्या घराला झेपले नसते, आणि आमच्यासारखी घरेच जास्त आहेत.

ही खोली पालिकेच्या रुग्णालयात आपोआप आली नाही. न्यू जर्सीत जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या, महाराष्ट्राच्या झाल्या, आणि १९५० मध्ये त्यांनी केईएम रुग्णालयात देशातले पहिले ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यालय सुरू केले. पुढे नागपूरलाही त्यांनी हे शिक्षण नेले. १९५२ मध्ये या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणच्या कमला निंबकर बालभवनामुळे हे नाव काहींना परिचित असेल. मला त्यांचे मोठेपण यात वाटते, की हे शिक्षण त्यांनी सार्वजनिक रुग्णालयात रुजवले, गिरणी कामगारांच्या परळमध्ये. माझ्या बहिणीचे आणि त्यांचे नाते एवढेच, पण ते पुरेसे आहे.

म्हणूनच नुसते आभार मानून मला थांबवत नाही. पक्षाघातानंतर हालचाल परतण्याचा सर्वांत जास्त वेग पहिल्या काही महिन्यांत असतो. आम्हाला ते महिने मिळाले, कारण आम्ही मुंबईत राहतो. आडगावच्या शेतकऱ्याला झटका आला, तर जीव वाचल्यावर त्याला एसटीने कोणी आणि किती दिवस शहरात आणायचे? घरच्यांची मजुरी बुडते, फेऱ्या थांबतात, हात कायमचा आखडतो. मग ‘नशिबात होतं’ म्हणून सगळे गप्प बसतात. ते नशीब नसते. उपचार अर्ध्यावर तुटलेला असतो.

२०२३ च्या ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हा चांगला निर्णय होता. त्याचा पुढचा टप्पा सरकारने आता घ्यावा. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची कायम पदे असावीत, वाचा गेलेल्यांसाठी स्पीच थेरपिस्ट ठरलेल्या वारी यावा, आणि आरोग्य योजनांचा खर्च डिस्चार्जच्या कागदावर संपू नये. ज्यांच्या घरातले माणूस अशा रुग्णालयातून पुन्हा उभे राहिले आहे, त्यांनी ही मागणी आपल्या आमदाराकडे, नगरसेवकाकडे लेखी करावी.