जुनी गाडी : दुरुस्ती की मोड?



क्विंटलभर कापूस पिकवायला काय खर्च येतो, हे आज आपल्यातला कोणीही बोटांवर मोजून सांगतो. पण दारातल्या जुन्या गाडीचा हिशेब विचारला की तोच माणूस गप्प होतो. गाडीच्या बाबतीत आपण डोळ्यांना काय दिसते ते पाहतो आणि मिस्त्री मागेल तेवढे देतो. आम्हीही तेच करत होतो.

जिल्ह्याच्या कामाला दोन जुन्या डिझेल जीपगाड्या आहेत आणि पैसा एकीच्याच दुरुस्तीपुरता. थोरली २००९ ची, ३ लाख १० हजार किलोमीटर पळालेली, रंग उडालेला, निळा धूर सोडणारी. धाकटी २०१२ ची, १ लाख ९० हजार पळालेली, चकचकीत. बैठकीत एकमत झाले की धाकटी दुरुस्त करा आणि थोरली भंगारात द्या. आम्हीही मान डोलावली. मिस्त्री मात्र म्हणाला, "भाऊ, आधी दोन्ही खड्ड्यावर घ्या."

खालून पाहिले तेव्हा डोळे उघडले. धाकटी आमच्याकडे येण्याआधी बरीच वर्षे समुद्रकाठी राबली होती. खारी हवा लोखंड खाते. पाटे जिथे चासीला धरतात, तिथे पेचकस टोचला तर गंजाचे पापुद्रे सुटून आले. थोरलीची चासी आपल्या कोरड्या हवेत ठणठणीत. तिचा दोष इंजिनात : रिंगा झिजलेल्या, एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन उतरलेले. इंजिन उघडून पुन्हा बांधता येते. सडलेल्या चासीला ठिगळ लागते, पण दहा माणसे घेऊन घाट उतरताना त्या ठिगळावर भरवसा कोण ठेवणार? आम्ही थोरली ठेवली.

तेव्हा आधी चासी पाहा, मग धूर. निळा धूर म्हणजे ऑईल जळते. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त; हे बहुधा फिल्टर, नोझलचे काम, स्वस्तात होते. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर, रेडिएटरचे पाणी कमी होणे आणि ऑईल ताकासारखे दिसणे ही हेड गॅस्केट गेल्याची किंवा हेडला चीर पडल्याची खूण. अशी गाडी तशीच दामटली तर इंजिनच जाते.

नंतर सुटे भाग. अँबेसेडर आणि मारुती ८०० यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, टाटा सुमोचे २०१९ मध्ये. बंद झालेली गाडी वाईट असते असे नाही; पण लागणारा भाग तालुक्याला मिळतो की नाही, हे आधी दुकानात जाऊन विचारा. कागदही मोजा. खासगी गाडीला १५ वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, तेही ५ वर्षांपुरते. मोटारीसाठी त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. २० वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. शिवाय पर्यावरण कर आणि विमा.

सगळ्यात मोठी चूक पुढेच आहे. "गेल्या वर्षी हिच्यावर ४० हजार घातले, आता कशी सोडू?" चार फवारण्या झाल्या म्हणून पाचवी मारायची नसते. बोंडात अळी किती आणि झाडावर माल किती, ते पाहून पंप पाठीवर घ्यायचा असतो. गाडीवर गेलेला पैसा गेला. पुढच्या दोन वर्षांत दुरुस्ती, टायर, बॅटरी आणि कागद यांना किती लागेल ते मांडा, त्याला २४ ने भागा. तेवढ्याच फेऱ्यांना भाड्याची गाडी महिन्याला कितीला पडते, ते शेजारी लिहा. गाडी महिन्यातले २५ दिवस उभीच असेल तर ती विकलेली बरी.

आणि "त्यापेक्षा नवीच घे" म्हणणाऱ्याला एकच विचारा : हप्ता कधी भरायचा? बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो. आपल्या घरात पैसा येतो कापूस विकला तेव्हा आणि ज्वारी निघाली तेव्हा. मधल्या महिन्यांचा हप्ता सावकाराकडून उचलावा लागतो आणि मग गाडी शेत खाते. चासी धड असेल तर इंजिनाचा एकदाचा खर्च त्या पाच-सात वर्षांच्या हप्त्यापेक्षा परवडतो.

पुढच्या बैठकीला येताना वहीत आपल्या गाडीचे एक पान आणा : साल, चासी, धूर, सुटे भाग, कागद, पुढच्या दोन वर्षांचा खर्च. पिकाचा हिशेब मांडणाऱ्याला एवढे जड नाही.