उसन्या गोळ्या

परवा मावशीचा फोन आला. घसा धरलेला, अंग मोडून आलेलं. "डॉक्टरांकडे गेलीस का?" विचारलं तर म्हणाली, "छे गं, कशाला! ताईकडे तिच्या दाढेच्या वेळच्या अँटीबायोटिकच्या चार गोळ्या उरल्या होत्या, त्या आणल्या. दोन घेतल्या, बरं वाटतंय की."

आमच्या घरी ही रीत जुनीच. फ्रिजवर श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या. शेजारणीला विरजण द्यावं तशा त्यातल्या गोळ्याही जातात. मी स्वतः कितीदा तरी त्या डब्यात हात घातलाय, त्यामुळे उपदेश करायचा अधिकार मला नाहीच. पण तो डबा आता बंद व्हायला हवा, असं माझं ठाम मत झालंय. कारण जरा लांबचं आहे, जपानमधलं.

१९५०च्या दशकात तिथे आमांशाच्या रुग्णांमध्ये शिगेला जिवाणूंचे असे प्रकार सापडू लागले, जे एकदम चार औषधांना दाद देईनात: सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन. एका औषधापुरता बदल योगायोगाने होऊ शकतो. पण चारही एकदम? त्यात त्याच रुग्णांच्या आतड्यातले ई. कोलाय, म्हणजे वेगळ्याच जातीचे जिवाणू, तेही नेमक्या त्याच चार औषधांना पुरून उरत होते. १९५९मध्ये अकिबा आणि ओचिआई यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की दोन जातींचे जिवाणू एकत्र वाढवले, तर ही ताकद एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

आपण शाळेत शिकलो की गुण आईवडिलांकडून मुलांकडे येतात. जिवाणूंमध्ये ते शेजाऱ्याकडूनही येतात! दोन जिवाणू एकमेकांना चिकटतात आणि जनुकांचं एक छोटंसं कडं, प्लास्मिड, त्याची नक्कल एकाकडून दुसऱ्याकडे जाते. लोणच्याची कृती लिहून द्यावी तसं. देणाऱ्याची कृती त्याच्याकडे राहतेच, घेणाऱ्यालाही मिळते. आणि एकाच कृतीत चार-चार औषधांवरचे तोडगे असू शकतात.

म्हणूनच "माझं शरीर, माझी गोळी, दुसऱ्याचं काय जातं?" हे मला पटेनासं झालंय. आपल्या आतड्यात लाखो कोटी जिवाणू राहतात, बहुतेक अगदी निरुपद्रवी. मावशीचा घसा विषाणूंमुळे धरला असेल तर त्या गोळ्यांचा त्याला काडीचाही उपयोग नाही. पण आतड्यात मात्र त्या मऊ जिवाणू मारतात आणि चिवटांना मोकळी जागा करून देतात. ते स्वतः काही करणार नाहीत कदाचित. पण उद्या एखादा रोगकारक जिवाणू तिथे आला, तर कृती द्यायला शेजारी तयार!

२००८मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णात असंच एक जनुक सापडलं. तो आधी भारतात रुग्णालयात होता. क्लेब्सिएला जिवाणूत ते प्लास्मिडवर होतं, आणि त्याच रुग्णाच्या ई. कोलायमध्येही. राखीव ठेवलेली कार्बापेनेम औषधंसुद्धा ते निकामी करतं. त्याच्या नावात नवी दिल्ली आली म्हणून २०१०मध्ये आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! राग मलाही आला होता. पण आज वाटतं, भांडलो ते नावावरून. फ्रिजवरच्या डब्याबद्दल कुणीच बोललं नाही.

औषध किती दिवस घ्यायचं, यावर डॉक्टरांमध्येही आता चर्चा चालू आहे. सगळ्याच आजारांना लांबलचक कोर्स लागत नाही म्हणतात. पण तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, माझ्या आईने नाही.

अँटीबायोटिकच्या पट्टीवर लाल उभी रेघ असते. रविवारी आईकडे जाऊन डबा उघडला, तर तशा सात पट्ट्या निघाल्या. सगळ्या बाजूला काढल्या. आई म्हणाली, "अगं, वाया जातील!" लहानपणी पैसे मोजून-मोजून औषध आणणाऱ्या बाईला वाया जाणं सोसवत नाही, हे मला कळतं. पण आई, त्या वापरल्या तर याहून मोठं काहीतरी वाया जाईल.

असो. मावशी, तू हे वाचणार आहेस, माहीत आहे. रागावू नकोस. उरलेल्या दोन घेऊ नकोस, आणि उद्या डॉक्टरांकडे जा. मी येते सोबत.

आणि बाकीच्यांनो, तुमच्या डब्यात किती निघाल्या?