तिसरी प्रत कशाला?

व्हीएमवेअर २०२३ साली ब्रॉडकॉमकडे गेलं आणि त्याच डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद झालं. तेव्हापासून लहान कंपन्यांत एक हिशेब हमखास मांडला जातो: तीन सर्व्हर, वर प्रॉक्समॉक्स, खाली सेफ. (नाव सेफ आहे म्हणून डेटाही सेफ, असं मात्र नाही हं!)

प्रॉक्समॉक्स ५.४ पासून, म्हणजे २०१९ पासून, सेफ बसवायला विझार्डच आहे. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. व्हर्च्युअल मशीन बनवताना डिस्कसाठी सेफचा पूल निवडला की झालं. सोय उत्तम आहे. माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या मीटिंगबद्दल.

प्रत्येक सर्व्हरमध्ये ४ टीबी, म्हणजे एकूण १२. सेफ मुळात तीन प्रती ठेवतं, म्हणजे हातात ४. त्यात ८५ टक्क्यांना इशारा आणि ९५ ला लिहिणंच बंद, म्हणून खरे वापरायचे साधारण ३.४. हे ऐकलं की कुणीतरी म्हणतंच, "अहो, दोन प्रती पुरे की! रेडमध्ये तरी दोनच असतात." मग साईझ २, मिन साईझ १. सहा टीबी मिळाले, सगळे खूश.

पण रेडमधली एक डिस्क अपडेटसाठी कोणी रीबूट करत नाही, इथे अख्खा सर्व्हर दर महिन्याला रीबूट होतो. तेवढ्या वेळात नवीन डेटा एकाच प्रतीवर लिहिला जातो. नेमकी तेव्हाच ती डिस्क गेली तर? पहिला सर्व्हर परत येतो, पण त्याच्याकडची प्रत शिळी. सेफ ती मुकाट्याने खपवत नाही, अडून बसतं. बरोबरच आहे त्याचं.

आणि नुकसान एका मशीनपुरतं राहत नाही. सेफ प्रत्येक व्हर्च्युअल डिस्कचे ४ एमबीचे तुकडे करून सगळ्या गटांत वाटतं. १०० जीबीच्या भरलेल्या डिस्कचे २५,६०० तुकडे होतात. पूलमध्ये १२८ गट असतील तर एक गट गेला की प्रत्येक डिस्कमध्ये सुमारे २०० भोकं. अकाउंट्सचं मशीन, मेलचं मशीन, सगळ्यांत!

मिन साईझ १ ठेवू नका, असं प्रॉक्समॉक्सच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. वाचतो कोण? असो.

माझं मत विचाराल तर तिसऱ्या प्रतीला पैसे नसतील तेव्हा सेफच्या वाटेला जाऊच नये. सरळ दोन सर्व्हरवर झेडएफएस घ्या आणि रेप्लिकेशन लावा. ते आपोआप दर १५ मिनिटांनी होतं, हवं तर दर मिनिटाला करा. सर्व्हर गेला तर शेवटच्या कॉपीनंतरचं काम जाईल, पण नेमकं किती गेलं ते साहेबांना सांगता येईल. बॅकअप वेगळ्या मशीनवर हवाच, तो दोन्हीकडे चुकत नाही.